चवथीच्या पंगतीला इतिहासातलं कोण बोलवायचं?

पत्र असं आहे:

'मावशी, नमस्कार. मी मडगावला असते. माहेर कुर्डीचं, पण ते धरणात गेलं, आई आता वाडेच्या पुनर्वसन वसाहतीत असते. माझी मुलगी आठवीत आहे. गणेशचवथीच्या सुट्टीत तिला शाळेतून होमवर्क होता, इतिहासातल्या एका व्यक्तीला तुम्ही जेवायला बोलावलंत तर कोणाला बोलवाल आणि का, दोन पानं लिहा. तिने तो विषय पंगतीत काढला. घरात सोळा माणसं. सासरे म्हणाले शिवाजी महाराज, त्यात विचार काय करायचा. मोठे दीर म्हणाले लोहिया. पुतण्या पणजीला कॉलेजात आहे, तो म्हणाला आबे फारिया. जाऊबाई म्हणाल्या केसरबाई केरकर. अर्धा तास वाद चालला, हसतखेळतच, पण चालला. मी वाढत होते. मला कोणी विचारलं नाही आणि तेव्हा मला त्याचं काही वाटलंही नाही. रात्री भांडी आवरताना एकदम मनात आलं की पाहुणा कोणी का येईना, रांधणार तर मीच. मग म्हटलं माझा पाहुणा कोण? आणि मावशी, माझ्या मनात कोणीच येत नाही. दहावीनंतर इतिहासाचं पुस्तक हातात घेतलेलं नाही. मुलीचंही अजून ठरत नाहीय, रोज विचारते. तिला काय सांगू? आणि मला कोणीच सुचत नाही याचं एवढं वाईट का वाटतंय?'

बाय गे,

तुझं पत्र मी सकाळी चहा घेताना वाचलं, मग दुपारी परत वाचलं, आणि दोन्ही वेळेला 'माझ्या मनात कोणीच येत नाही' इथे येऊन थांबले. मला ते खरं वाटत नाही. तुझ्या सासऱ्यांना, दिरांना, पुतण्याला पटापट नावं सुचली कारण ते बसले होते. बसलेल्या माणसाला सुचतं. तू त्या वेळी खतखतें कोणाच्या पानात संपलं, भात कोणाला हवा, पातोळ्या पोरांनी दोन-दोन घेतल्या तर पुरतील की नाही हा हिशेब करत होतीस, सोळा पानं डोक्यात ठेवून आणि वर इतिहासातला माणूस कुठून सुचणार? माझी आजी फोंड्याकडची, ती कायम शेवटी जेवायची, चुलीपुढे बसून, तवलीत जे उरलं असेल ते. तिला कोणी काही विचारलंय असं मला आठवत नाही, आणि मीही नाही विचारलं, याची रुखरुख मला आज इतक्या वर्षांनी आहे, म्हणून तुझं पत्र मी बाजूला ठेवू शकले नाही.

आता पाहुण्याचं. तुमच्या पंगतीत जी नावं निघाली ती सगळी चांगली आहेत, एकही उगाच नाही. पण मला वाटतं तुमचा वाद मिटला नाही कारण प्रत्येकजण वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत होता. सासरे महाराजांचं नाव घेतात तेव्हा त्यांना जेवण नकोय, त्यांना दर्शन हवंय. आणि गोव्यातल्या माणसाला ते वाटणारच, डिचोलीत नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा बांधून घेतलं, त्याआधी दिवाडीवरचं मूळ देऊळ पोर्तुगिजांनी पाडलेलं, ही गोष्ट त्यांच्या पिढीने लहानपणापासून ऐकलेली असते. पण दर्शन घेताना आपण हात जोडून उभे राहतो, आणि जेवायला मांडीला मांडी लावून बसतो, त्यात फरक आहे ना? जेवताना घास तोंडात असतो, मध्ये कोणीतरी मीठ मागतं, माणूस बोलता बोलता गप्प होतो, आपण त्याला 'अजून थोडं घ्या' म्हणतो. ज्याच्यासमोर आपल्याला घास गिळवणार नाही त्याला जेवायला बोलावून आपलीही उपासमार आणि त्याचीही. सासऱ्यांना हे असंच तोंडावर सांगू नको, त्यांना फक्त विचार की बाबा, महाराज आले तर तुम्ही काय विचाराल. ते जे उत्तर देतील ते लेकीला लिहून घ्यायला सांग, त्यातूनच तिला कळेल.

दिरांचं लोहियांचं नाव मला फार आवडलं, कारण लोहिया गोव्यात आले तेच मुळी पाहुणे म्हणून आले. तुरुंगातून सुटल्यावर तब्येत पार खालावलेली, म्हणून १९४६ च्या जूनमध्ये ते विश्रांतीसाठी असोळण्याला डॉक्टर जुलियांव मिनेझिस यांच्या घरी आले, दोघांची मैत्री बर्लिनला शिकत असतानाची. आला मित्राकडे आराम करायला, आणि मग लोक भेटायला यायला लागले, आम्हाला इथे बोलायची बंदी, सभा घ्यायची बंदी हे सांगायला लागले, आणि १८ जूनला मडगावच्या मैदानावर भर पावसात बंदी मोडून जी सभा झाली ती तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर झाली. आपण लोहिया मैदान म्हणतो ते तेच. आता तू मला सांग, त्या आठ दिवसांत असोळण्याच्या त्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा कोणी केला, जेवायला किती माणसं होती, पोलीस बाहेर फिरत असताना आत मासळी कोण साफ करत होतं? मला लोहियांना बोलवायला मिळालं तर मी भाषणाबद्दल नाही विचारणार, भाषण छापलेलं मिळतं. मी विचारीन, असोळण्याला तुमच्या पानात काय वाढलं होतं आणि कोणी वाढलं होतं.

तुझा पुतण्या आबे फारिया म्हणतो, त्याला ती गोष्ट माहीत असणारच. कांदोळीला १७५६ मध्ये जन्मलेला हा मुलगा, पंधराव्या वर्षी बापाबरोबर लिस्बनला गेला, पुढे राणीसमोर प्रवचन करायला उभा राहिला आणि समोर ते सगळे सरदार-दरकदार बघून त्याची वाचाच गेली, तेव्हा बाप खालून कोंकणीत कुजबुजला, 'ही सगळी भाजी, कातर रे भाजी'. ही दंतकथा आहे, पण गोव्यात ती अशी रुजलीय की कोणाला स्टेजवर भीती वाटली की आजही म्हातारी माणसं हेच म्हणतात. मला त्यात काय आवडतं सांगू? राजवाड्यात उभ्या असलेल्या मुलाला धीर द्यायला बापाला विळीवरची भाजीच आठवली, म्हणजे घरचंच काहीतरी. पुढे पॅरिसला जाऊन संमोहनाने माणसाला झोपवणारी ताकद झोपवणाऱ्याच्या अंगात नसते, झोपणाऱ्याच्या मनातच असते हे ज्याने सांगितलं, त्याच्या कानात पहिल्यांदा आत्मविश्वास घातला तो भाजीच्या भाषेत. पुतण्याला म्हणावं पणजीला तो पुतळा बघतोस ना जुन्या सचिवालयाच्या बाजूला, तर येताना एकदा नीट थांबून बघ, आणि त्याला जेवायला बोलावलंस तर भाजी तू चीर.

पण आता लेकीचं. तिला नाव सुचत नसेल तर तिला नावापासून सुरुवातच करू देऊ नको. ताटापासून सुरू करायला सांग. मी हे माझ्या भाचरांबरोबर करून बघितलंय आणि मुलं त्यात अशी रमतात की विचारू नको. समजा तिने पोर्तुगिजांच्या आधीचा, चांदरचा कदंब राजा बोलावला. हुमण वाढायचंय. मिरसांग नाही. मिरची अमेरिकेतली, ती पोर्तुगिजांच्या जहाजातून इकडे आली, म्हणजे कदंबांच्या काळात तिखटपणा आणायचा तर मिरी, आलं. बटाट्याची भाजी नाही. टोमॅटो नाही. जेवणानंतर पेर, म्हणजे पेरू, कापून देऊ म्हणशील तर पेर नाही, पपई नाही, अननस नाही, आणि ज्याला आपण गोव्याची ओळख म्हणून डब्यात भरून पाहुण्यांना देतो तो काजूही नाही, हे सगळं समुद्रापलीकडून आलेलं. पाव नाही, पाववाला पोदेर नाही. मग उरलं काय? तांदूळ, नारळ, सोलं, तिरफळं, मासळी, कुळीथ, फणस, आंबा, गूळ. लेकीला म्हण आता या एवढ्यावर ताट वाढून दाखव. एका तासात तिला जेवढा इतिहास कळेल तेवढा पुस्तकातल्या तीन धड्यांत कळणार नाही, कारण एकेक जिन्नस ताटातून काढताना ती विचारणार, मग हे आलं कधी, आणलं कोणी.

वेळेचाही प्रश्न असतो. आपल्या सांकवाळचे धर्मानंद कोसंबी, बुद्धाच्या शोधात घरदार सोडून पुणे, काशी, नेपाळ, सिलोन असे फिरत गेले, काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. त्यांना तू भिक्षू असतानाच्या काळातलं रात्रीच्या जेवणाचं आमंत्रण दिलंस तर ते येतील, बसतील, बोलतील, पण घास घेणार नाहीत, कारण बौद्ध भिक्षू दुपार टळल्यावर जेवत नाहीत. त्यांना सकाळी बोलवावं लागेल. पेज करावी लागेल. हे असं बारीकसारीक बघायला लागलं की तो माणूस फोटोतून उतरून दारात येतो, चपला काढतो.

आणि भाषा. राशोलच्या फादर स्टीफन्सना बोलावलं तर तुला टेन्शन नाही, हा इंग्लंडात जन्मलेला माणूस १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने मराठी ओवीत अख्खं ख्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ मध्ये राशोललाच छापलं, मराठीची इतकी मनापासून स्तुती आपल्या लोकांनीही क्वचित केली असेल. त्याच्याशी गप्पा मारायला दुभाषी नको, तुझ्या मडगावापासून राशोल जवळच. लेकीला ओव्या आवडत असतील तर हा पाहुणा सुचव.

आता मी माझा पाहुणा सांगते, कारण मी हा खेळ पूर्वीच खेळलेय आणि माझं ठरलेलं आहे. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य होता, पणजीतली नगरपालिकेची बाग त्याच्या नावाची आहे. १५३४ मध्ये गोव्यात आला आणि इथेच राहिला, अहमदनगरच्या निजामशहाचीही त्याने वैद्यकी केली, मुंबईचं बेट त्याच्याकडे भाड्याने होतं. १५६३ मध्ये त्याने गोव्यातच एक पुस्तक छापलं, इथली झाडं, मुळ्या, मसाले, औषधं यांच्याबद्दल. आणि ते पुस्तक कसं लिहिलंय बघ, रुआनो नावाचा एक डॉक्टर त्याच्याकडे पाहुणा म्हणून आलाय आणि दोघं बोलत बसलेत, हिंगाबद्दल, नारळाबद्दल, विड्याच्या पानाबद्दल, आंब्याबद्दल, मध्येच जेवायला उठतात, मुंबईहून आंबे येतात त्यावर परत बोलणं सुरू. तो रुआनो खरा नव्हता. ओर्ताने तो मनातून उभा केलेला. म्हणजे तुझ्या लेकीच्या बाईंनी जो होमवर्क दिलाय तो गोव्यात साडेचारशे वर्षांपूर्वी एका माणसाने करून ठेवलाय.

त्या माणसाचं पुढे काय झालं ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नाही. तो मूळचा ज्यू घरातला, जबरदस्तीने ख्रिस्ती झालेल्यांपैकी. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय. तो १५६८ मध्ये वारला, पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडं उकरून काढून जाळली. ज्याने इथल्या झाडापाल्याबद्दल एवढं प्रेमाने लिहिलं त्याला या मातीत शांत पडूही दिलं नाही.

पण माझा पाहुणा ओर्ता नाही. त्याच्या पुस्तकात आंतोनिया नावाची घरातली कामाची मुलगी आहे. दोघं पुरुष बोलत असतात आणि ओर्ता हाक मारतो, आंतोनिया, ते आण, हे आण, आणि ती जाऊन नेमकी ती वस्तू आणते आणि परत जाते. बस एवढंच. तिचं गाव नाही, वय नाही, आईबाप नाहीत. पण बाय, जिला कुठलं झाड कुठलं हे बरोबर कळतं, जी बाजारात जाते, जी स्वैपाकघर बघते, तिला काय काय माहीत असेल! मला तिला समोर बसवायचंय, पान मांडून, आणि म्हणायचंय तू उठू नकोस, आज मी आणते. तुझं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा मला तीच आठवली, तू वाढत होतीस म्हणून.

आणि आता तुझा पाहुणा. मी तुझ्यावर लादत नाही, तुला नाही पटलं तर सोडून दे. पण तू पत्रात एक ओळ सहज लिहून टाकलीस, 'माहेर कुर्डीचं, पण ते धरणात गेलं', आणि पुढे गेलीस. मी पुढे जाऊ शकले नाही. कुर्डी म्हटल्यावर माझ्या तोंडात एकच नाव येतं आणि ते तुझ्याही तोंडात असणार, फक्त ते इतकं घरचं आहे की तुला ते इतिहास वाटत नाही.

मोगुबाई कुर्डीकर. १५ जुलै १९०४ ला तुझ्या गावात जन्मलेली मुलगी. आई जयश्रीबाईंना ध्यास की मुलीने गायचं, आणि साधंसुधं नाही, मोठं गायचं. गाणं शिकवायला जांबावलीला नेलं, मग चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी या नाटक कंपनीत, आणि मोगू दहा वर्षांची असताना आई गेली. पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळी, मग आजारपण, सांगली. तिथली हकीकत सांगतात की ही घरात गात बसलेली असताना रस्त्यावरून जाणारा एक वयस्कर माणूस थांबला, आत आला, ऐकत बसला, परत दुसऱ्या दिवशी आला, आणि हे उस्ताद अल्लादिया खाँ आहेत हे तिला नंतर कळलं. खाँसाहेब मुंबईला गेले तशी १९२२ मध्ये तीही मुंबईला गेली. गुरूच्या शिकवणीत खंड पडला, दुसऱ्या उस्तादांकडे शिकली, परत खाँसाहेबांकडे आली. नवरा लवकर गेला, तीन मुलं पदरात. १९७४ मध्ये पद्मभूषण. आणि किशोरी आमोणकर तिची मुलगी, तिचीच शिष्या. जाऊबाईंच्या केसरबाईही अल्लादिया खाँसाहेबांच्याच शिष्या, केरीच्या, ज्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली आणि अजून चाललीय. फक्त या दोघींना एका दिवशी बोलवू नका, दोघींमधली चुरस गाणं ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, दोघींना आपापला दिवस द्या, जावा-जावांनी वाटून घ्या.

या गाणाऱ्या बायका 'ऐतिहासिक व्यक्ती' होतात का असं लेक विचारेल, किंवा बाई विचारतील. होतात. नक्की होतात. राज्य केलं नाही, लढाई केली नाही, पण एका गायकीचा धागा त्यांच्या हातातून पुढे गेला. आणि दुसरी गोष्ट, मोगुबाई ज्या कलावंत समाजातून आल्या त्या समाजातल्या बायकांचं गाणं देवळाच्या चौकात हवं असायचं, उत्सवाला हवं असायचं, पण घरच्या पंगतीत त्यांना पान मांडायची रीत नव्हती. मुलं लहान असताना आईला किती अपमान गिळावे लागले हे किशोरीताईंनी पुढे बोलून दाखवलंय, आणि म्हणून त्या स्वतः मैफलीतल्या मानाबद्दल इतक्या कडक राहिल्या. तर अशा बाईला तू आपल्या घरच्या पंगतीत बोलावतेस, पाट देतेस, पहिलं पान तिचं मांडतेस, हे मला फार मोठं वाटतं. नुसतं कल्पनेतलं असलं तरी मोठं वाटतं.

विचारायचं काय? मला एकच प्रश्न दिसतो आणि तो तुझ्याइतका दुसऱ्या कोणाला विचारता येणार नाही. मोगुबाई २००१ मध्ये गेल्या. साळावलीचं धरण झालं, तीनेक हजार वस्तीचं कुर्डी ऐंशीच्या दशकात पाण्याखाली गेलं, तेव्हा त्या मुंबईत होत्या, वय ऐंशीच्या आसपास. म्हणजे ज्या बाईने आयुष्यभर गावाचं नाव आडनाव म्हणून मिरवलं, रेकॉर्डवर, पाटीवर, मानपत्रावर, तिला या वयात कळलं की ते गाव आता नाही. हे कळलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं हो? एवढंच विचार. यावर त्या काय म्हणतील ते लेकीला लिहू देऊ नको, त्यांच्या तोंडी वाक्यं घालायची नाहीत, आपल्याला काय माहीत. तिने प्रश्न लिहावा आणि पाहुणी गप्प बसली असं लिहावं. ते खरं असेल. आणि कदाचित त्याच उलट विचारतील, तुझं घर कुठल्या वाड्यावर होतं गे? तेव्हा तुला उत्तर देता यायला हवं. येईल का? तुला नाही आलं तर आईला येईल. वाडेला जा, लेकीला घेऊन जा, आईला म्हणावं मोगुबाई जेवायला येणार आहेत, त्यांना गावाबद्दल काय काय सांगायचं ते सांग. सोमेश्वराचं देऊळ, विहीर कुठे होती, माडांची कुळागरं, शेजारी कोण, घर सोडायच्या दिवशी काय उचललं आणि काय राहिलं. कदंबकाळातलं महादेवाचं देऊळ तेवढं दगड दगड सुटे करून दुसरीकडे नेऊन पुन्हा उभं केलं, माणसांच्या घरांचं तसं करता आलं नाही. लेकीची दोन पानं आईच्या तोंडून येतील. फोनवर रेकॉर्ड करून ठेव, मी माझ्या आजीचं केलं नाही.

आणि एक गोष्ट मला सारखी आठवतेय ती सांगून टाकते. तुझ्या मडगावच्या नळाला साळावलीचं पाणी येतं. तू चवथीला तांदूळ ज्या पाण्याने धुतलेस, सोळा माणसांना जे पाणी तांब्यातून दिलंस, ते तुझ्या माहेरावरून आलेलं पाणी आहे. त्या पंगतीत कुर्डी होतीच. हे तुझ्या घरात कोणी बोललं का कधी? पुढच्या वेळी तू बोल, मोठ्याने, वाढता वाढता नाही, बसून.

जेवायला काय करायचं ते तू मला शिकवशील, मी काय सांगणार. गाणाऱ्या माणसाला घशाला काय चालतं ते आधी विचारून घे एवढंच, आणि खूप पदार्थ करून दमू नको, दमलेली यजमानीण पाहुण्याशी बोलू शकत नाही. उकड्या तांदळाचं शीत, अळसांद्याचं तोणाक, नीरफणसाच्या फोडी, आंब्याचं सासव, बस झालं. वाढायला दिरांना सांग. लोहियावाले आहेत ना ते, समतेच्या गोष्टी करतात, आनंदाने वाढतील आणि छान वाढतील. तू मोगुबाईंच्या शेजारी बस, पहिल्या पंगतीत, आणि कोणी भात मागितला तरी उठू नको.

तुला वाईट का वाटलं हे विचारलंयस. मला वाटतं तुला भूक लागली होती गे. सगळे जेवून बोलत होते आणि तू अजून जेवली नव्हतीस.

आणखी एक, हे होमवर्क संपलं तरी मनात ठेव. मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं की कुर्डी वर येतं, तुला माहीत आहेच, लोक सोमेश्वराच्या उत्सवाला जमतात, चौथरे ओळखून सांगतात हे अमक्याचं, हे तमक्याचं, मोगुबाईंच्या घराची जागाही दाखवतात. यंदा तुम्ही तिघी जा, आई, तू आणि लेक. सकाळी लवकर निघा, तिथे सावलीला झाड उरलेलं नाही, अकरा वाजले की जमीन तापते. आईला छत्री द्या, डबा घरूनच न्या, आणि केळीची पानं चार घ्या.

तुझी,
मावशी